कापरेकरांच्या स्वयंभू संख्या आणि ७२ लाख अंकांची एक मूळ संख्या

गोदाकाठ (धागाकर्ता)

द. रा. कापरेकर म्हटलं की नाशिककराच्या तोंडी ६१७४ येतो. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, परत मांडा, शेवटी ६१७४ वरच येऊन थांबाल. शाळाशाळांतून हा खेळ होतो आणि कापरेकर तिथेच संपतात. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता या माणसाने जे केलं त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते दुसरंच. त्यासाठी हा धागा.

कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ + ५ = २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक. १०१ ला दोन जनक आहेत: ९१ (९१ + १०) आणि १०० (१०० + १). आता २० ची जनक शोधा. १४ वरून १९ येतात, १५ वरून २१. वीस मधल्यामधे सुटले. ज्यांना जनकच नाही अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८, ११०, १२१... १९६३ साली या विषयावरची पुस्तिका त्यांनी देवळालीहूनच काढली. मोजत गेलं तर साधारण दहात एक संख्या अशी निघते.

दुसरं टोक बघा. मे २००४ मध्ये जॉश फिंडली यांच्या पेंटियम ४ वर २^२४०३६५८३ − १ ही मूळ संख्या सापडली. ती ७२,३५,७३३ अंकांची आहे. सुरुवात २९९४... अशी आणि शेवट ...७३३९६९४०७ असा. मर्सेन मूळ संख्यांची (म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या मूळ संख्यांची) शिकार करणारा जिम्प्स नावाचा जगभरचा उपक्रम आहे, त्यातली ही सापड. तेव्हाची ही सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं की ही संख्या कापरेकरांच्या अर्थाने स्वयंभूसुद्धा आहे.

माझा प्रश्न असा: बहात्तर लाख अंकी संख्येला जनक *नाही* हे कसं सिद्ध करायचं? सगळ्या संख्या तपासत बसायला विश्वाचं वय पुरणार नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मेनरोडकर

धागा भारी. वाचनखूण साठवली.

हिशेब केला. वहीच्या पानावर तीन हजार अंक दाटीवाटीने बसवले तरी ही संख्या लिहायला २४०० च्या वर पानं लागतील. आणि एवढं करून ती दोनने आणि पाचने भागत नाही, एवढंच शेवटचा ७ बघून कळणार!

---

नाठाळ

गोदाकाठ, राग मानू नका, पण हा निव्वळ चाळा आहे. मूळ असणं हा संख्येचा स्वतःचा गुण. दशमानात लिहा, द्विमानात लिहा, रोमन आकड्यांत लिहा, ती मूळच राहणार. अंकांची बेरीज हा आपल्या हाताला दहा बोटं असल्याचा परिणाम.

इंग्रज गणितज्ञ हार्डीने याच कारणासाठी असल्या गोष्टींना नाक मुरडलं होतं. ८७१२ ही २१७८ च्या चौपट, ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या आपल्याच अंकांच्या घनांची बेरीज. कोडी म्हणून ठीक, गणितज्ञाला यात रस वाटण्यासारखं काही नाही, असं त्याचं मत.

---

गोदाकाठ

नाठाळ, तुमच्या यादीतली शेवटची संख्या ४०७ आणि आमच्या मूळ संख्येचे शेवटचे तीन अंकही ४०७. हार्डीचा शाप म्हणा.

---

कॉलेजरोड

मी अकरावीत आहे. आधी एक बेसिक शंका: एवढी मोठी संख्या मूळ आहे हे तरी कसं कळतं? भागाकार करून तर शक्यच नाही ना?

---

शेषफळ

कॉलेजरोड, बरोबर. २^घ − १ या घडणीत काही सवलती मिळतात, म्हणून तर विक्रमी मूळ संख्या बहुतेक वेळा याच कुळातल्या निघतात.

घातांक मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते, ही पहिली चाळण. उलट मात्र चालत नाही: ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. आता हे दोन विभाजक नीट बघ. २३ = २×११ + १ आणि ८९ = ८×११ + १. हा योगायोग नाही. घातांक विषम मूळ असला की प्रत्येक विभाजक '२ × काहीतरी × घातांक + १' असाच असावा लागतो. म्हणजे आपल्या संख्येला ४,८०,७३,१६७ पेक्षा लहान विभाजक असूच शकत नव्हता, एकही भागाकार न करता.

पुढची पायरी म्हणजे लुकास-लेहमर चाचणी. ४ पासून सुरू करायचं. वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. असं घातांकापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ. ३१ साठी करून बघ: ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. घातांक ५, पायऱ्या ३. फिंडलींच्या मशीनला याच पायऱ्या २,४०,३६,५८१ वेळा कराव्या लागल्या, आणि प्रत्येक पायरीत लाखो अंकी संख्येचा वर्ग. साधारण दोन आठवडे लागले.

---

सातपूर सेकंड शिफ्ट

मूळ असण्याचं पटलं. स्वयंभूचं सांगा ना कुणीतरी. नाशिक रोडला नोटा छापतात, तर खिशातल्या नोटेचा क्रमांक घेऊन करून दाखवा: ४८६३११.

---

मास्तर देवळाली

सेकंड शिफ्ट, तुमच्या नोटेपासून सुरू करू. नोटेवर जमलं तर बहात्तर लाखांवरही जमेल, रीत एकच आहे.

नऊने भागल्यावर संख्येची आणि तिच्या अंकबेरजेची बाकी सारखीच येते, हे आपण पाचवीत शिकलो. म्हणून जनक संख्येची बाकी 'ब' असली तर तिच्या अंकबेरजेचीही 'ब'. दोन्ही मिळून आपली संख्या होते, म्हणजे तिची बाकी 'ब'च्या दुप्पट. ४८६३११ ची अंकबेरीज २३, बाकी ५. कशाची दुप्पट केली की नऊने भागून ५ उरतात? सातची, कारण १४ मधून ९ गेले. म्हणजे जनकाची अंकबेरीज ७, १६, २५, ३४, ४३ किंवा ५२ यांपैकीच. सहा अंकांची बेरीज ५४ च्या पुढे जात नाही. लाखो उमेदवारांतून सहा उरले.

एकेक वजा करा:

७ काढले: ४८६३०४, अंकबेरीज २५. नाही.
१६ काढले: ४८६२९५, अंकबेरीज ३४. नाही.
२५ काढले: ४८६२८६, अंकबेरीज ३४. नाही.
३४ काढले: ४८६२७७, अंकबेरीज ३४. सापडली!

तुमची नोट स्वयंभू नाही. तिची जनक ४८६२७७.

मर्सेन मूळ संख्यांवर हेच करून बघा. ३, ७ आणि ३१ स्वयंभू आहेत. पुढे १२७ ची जनक १२२, ८१९१ ची ८१६८, १३१०७१ ची १३१०६०, ५२४२८७ ची ५२४२६४. ऑयलरने मूळ ठरवलेल्या २१४७४८३६४७ ची जनक २१४७४८३६०६. ही सगळी कागद-पेन्सिलीची कामं, दुपारच्या चहाच्या आत होतात.

---

सातपूर सेकंड शिफ्ट

सर, दंडवत. नोट आता खर्च करायला हरकत नाही.

---

शेषफळ

मास्तरांची रीत मोठ्या संख्येला लावतो.

नऊच्या बाकीपासून सुरुवात. दोनाच्या घातांच्या बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहाच्या फेऱ्याने येतात. २४०३६५८३ ला सहाने भागलं की १ उरतो, म्हणून त्या घाताची बाकी २, त्यातून १ गेला की १. कशाची दुप्पट केली की १ उरतो? पाचची. जनकाची अंकबेरीज नऊने भागून ५ उरवणारी हवी.

आता आवाका. बहात्तर लाख अंक, सरासरी साडेचार, म्हणजे अंकबेरीज सव्वातीन कोटींच्या आसपास. मूळ संख्येचे शेवटचे नऊ अंक ७३,३९,६९,४०७ आहेत. त्यातून सव्वातीन कोटी काढले तर उरतात साधारण ७० कोटी १४ लाख. म्हणजे शेवटून नववा जो ७ आहे तो ७च राहतो, आणि त्याच्या डावीकडचे बहात्तर लाख अंक हलतही नाहीत. उसनवारी तिथवर पोचतच नाही. जनक असलीच तर तिचे शेवटचे आठ अंक तेवढे वेगळे असतील.

आठ अंकांची बेरीज ० ते ७२. म्हणजे जनकाची अंकबेरीज = न हलणाऱ्या अंकांची ठरलेली बेरीज + ० ते ७२ मधलं काहीतरी. शक्यता फक्त ७३. त्यातल्या नऊने भागून ५ उरवणाऱ्या आठ किंवा नऊ.

बहात्तर लाख अंकी संख्येचा स्वयंभूपणा नऊ वजाबाक्यांच्या आत ठरतो. अवघड काम एकच: तिचे सगळे दशमान अंक हातात पाहिजेत.

---

द्विज कोडवाला

हेच चालवून बघितलं. सूचना: साध्या पायथनने करायला गेलात तर ३.११ पासून पुढे ४३०० अंकांवरची संख्या छापायला तो नकार देतो. ती मर्यादा सिस मॉड्यूलमधून उठवता येते, पण मग रूपांतर रांगत राहतं. मोठ्या संख्यांसाठीची जीएमपीवायटू लायब्ररी घ्या, काही सेकंदांत अंक हातात.

लांबी ७२,३५,७३३ आली, शेवट ७३३९६९४०७. मग शेषफळ म्हणतात तसे उमेदवार लावले. एकही बसला नाही. पेबडींचं म्हणणं पक्कं.

---

नाठाळ

रीत सुंदर आहे, मान्य. मूळ आक्षेप तसाच. हे सगळं दहाच्या पायावर. दोनच्या पायावर करा, म्हणजे कळेल या गुणाला किती अर्थ आहे ते. मर्सेन संख्येचं घर द्विमानच आहे, तिथे ती नुसती एकांची माळ असते.

---

मास्तर देवळाली

अवांतर: दशमानातली एकांची माळही कापरेकरांच्या आवडीची. १११ × १११ = १२३२१ आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. या कुळाला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, कारण कल्पना डेम्लो म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनात सुचली. या माळांपैकी २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या माळा मूळ आहेत. १०३१ वाली १९८६ साली सिद्ध झाली, कापरेकर गेले त्याच वर्षी.

---

शेषफळ

नाठाळ, तुमच्या आव्हानातून आक्षेपापेक्षा मोठं काहीतरी निघालं. बघा.

द्विमानात अंकबेरीज म्हणजे संख्येत १ किती वेळा आला ते. आपली मूळ संख्या द्विमानात २,४०,३६,५८३ एकांची माळ. तिच्यातून कुठलीही लहान संख्या 'क्ष' वजा करा. वरती सगळे एकच असल्यामुळे उसनं घ्यावं लागतच नाही. 'क्ष'मध्ये जिथे १ असेल तिथे माळेत ० पडतो, बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणजे उरलेल्या संख्येतले एक = २,४०,३६,५८३ वजा 'क्ष'मधले एक.

जनक व्हायची तर हा आकडा 'क्ष'एवढाच पाहिजे. मांडणी फिरवली की:

क्ष + (क्षमधले एक) = २,४०,३६,५८३

हाच तर जनकाचा प्रश्न, फक्त घातांकासाठी विचारलेला! म्हणजे २^घ − १ ही द्विमानात स्वयंभू असते नेमकी तेव्हाच, जेव्हा घ स्वतः द्विमानात स्वयंभू असतो. बहात्तर लाख अंकांचा प्रश्न आठ अंकी घातांकावर येऊन थांबला.

२४०३६५८३ चे शेवटचे आठ द्विमान अंक २३१ चे आहेत, आणि त्यांच्या वरच्या भागात ९ एक आहेत. क्षमधले एक ९ ते १७ च्या दरम्यान असणार. १४ वर जुळतं: २३१ − १४ = २१७, त्यात ५ एक, ९ + ५ = १४. म्हणून क्ष = २,४०,३६,५६९.

द्विमानात आपल्या संख्येला जनक आहे, आणि ती एका ओळीत लिहिता येते: २^२४०३६५८३ − २४०३६५७०.

दशमानात स्वयंभू, द्विमानात नाही.

---

कॉलेजरोड

एक मिनिट. मी ३१ वर करून बघितलं. घातांक ५. ३ मध्ये दोन एक, ३ + २ = ५. मग जनक ३१ − ३ = २८, म्हणजे द्विमानात १११००, तीन एक, २८ + ३ = ३१. जमलं!!

आणि १३ ला जनकच सापडत नाही. १० वरून १२ येतात, ११ वरून १४, १२ वरून पण १४. मग ८१९१ द्विमानात स्वयंभू, पण सरांनी तर दशमानात तिची जनक ८१६८ दिली आहे. म्हणजे ३१ च्या बरोब्बर उलटं?

---

मास्तर देवळाली

बरोब्बर उलटं. शाब्बास.

---

नाठाळ

घातांकावर उतरणारी युक्ती मात्र गणित आहे, हे लेखी देतो. दहाच्या पायाबद्दलचं माझं मत कायम. उलट ३१ आणि ८१९१ ने ते पक्कंच केलं: पाया बदलला की स्वयंभूपणा गेला.

---

गोदाकाठ

तुमचं म्हणणं मला अमान्य नाहीच. पण पाया बदलल्यावर काय टिकतं आणि काय गळतं हे शोधावंसं कुणाला वाटलं, ते दहाच्या पायावर खेळल्यावरच. कापरेकरांना त्यांच्या काळातल्या बऱ्याच जणांनी चाळेखोर ठरवलं होतं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला देवळालीचा पत्ता कळला. तोवर ते निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती.

---

मेनरोडकर

मग सध्याची विक्रमी मूळ संख्या? ऑक्टोबर २०२४ ची, ल्यूक ड्युरँटवाली. तिचं काय?

---

शेषफळ

२^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०.

द्विमानातलं हातानेच होतं. घातांकाचे शेवटचे सहा द्विमान अंक ३३ चे, वरच्या भागात १२ एक. म्हणजे क्षमधले एक १२ ते १८. सातच शक्यता:

१२: ३३ − १२ = २१, तीन एक, एकूण १५.
१३: २०, दोन एक, १४.
१४: १९, तीन एक, १५.
१५: १८, दोन एक, १४.
१६: १७, दोन एक, १४.
१७: १६, एकच, १३.
१८: १५, चार एक, १६.

एकही ओळ जुळत नाही. विक्रमी मूळ संख्या द्विमानात स्वयंभू आहे.

दशमानासाठी घातांकाला सहाने भागून ५ उरतात, म्हणून संख्येची नऊने बाकी ४ आणि जनकाच्या अंकबेरजेची २. अंकबेरीज साडेअठरा कोटींच्या घरात जाईल, त्यामुळे शेवटच्या आठऐवजी किमान नऊ अंक मोकळे धरा आणि उसनवारी दहाव्या अंकापर्यंत जाते का ते आधी बघून घ्या. द्विज, मशीन मोकळं आहे का?

---

द्विज कोडवाला

चार कोटी अंक म्हणजे मेमरीला विशेष नाही. जेवून लावतो.

---

सातपूर सेकंड शिफ्ट

तोवर कुणाकडे स्वयंभू क्रमांकाची नोट असेल तर बदलून घेईन. शंभराचीच हवी.